थंडीत कपडे न घालणारी माणसं जमतात कुठे?

नाताळ जवळ आला की "फ्रान्समध्ये लोक विवस्त्र होऊन नवीन वर्ष साजरं करतात" असली बातमी मोबाइलवर फिरायला लागते. आपण हसतो, दोन इमोजी टाकतो, पुढे सरकतो. मला मात्र त्यात बातमीदाराचा प्रश्न दिसतो. उन्हाळ्यात समुद्रकिनारा आहे, ठीक. पण डिसेंबरात? छप्पर लागतं, हीटर लागतो. ती जागा कोण देतं? पोस्ट थोडी मोठी आहे, पण वाचाच.

या मंडळींना तिकडे नातुरिस्त म्हणतात, म्हणजे निसर्गवादी. ऊन, वारा, पाणी अंगाला थेट लागावं, एवढंच त्यांचं म्हणणं. चावटपणा केला तर क्लबातून हकालपट्टी. बसायचं तर स्वतःचा टॉवेल खाली टाकूनच.

सुरुवात केली डॉक्टरांनी. क्षयावर औषध नव्हतं, सूर्यप्रकाश हाच उपचार मानला जायचा, तो हा काळ. गास्ताँ आणि आंद्रे द्युरव्हिल या डॉक्टर भावांनी 1931 मध्ये भूमध्य समुद्रातल्या लव्हाँ बेटावर 'हेलिओपोलिस' म्हणजे सूर्यनगरी वसवली. गंमत बघा, त्यांच्या वस्तीत पूर्ण विवस्त्र राहायला परवानगी नव्हती, लंगोटीएवढं वस्त्र सक्तीचं! आज त्या बेटाचा बहुतेक भाग नौदलाकडे आहे. उरलेल्या पट्टीत ही वस्ती.

खरं वळण दिलं ते आल्बेर आणि क्रिस्तियान लकॉक या जोडप्यानं. देशात जर्मन फौजा असताना, 1944 मध्ये, त्यांनी 'सूर्य क्लब' काढला. 1950 मध्ये अटलांटिक किनाऱ्यावर मोंतालिव्हे इथं मोठं सुट्टी केंद्र उभं केलं. जागा कुणाची? तिथल्या गावाची. आगीत जळालेलं पाइनचं जंगल गावानं त्यांना भाडेपट्ट्यानं दिलं. गावाला उत्पन्न मिळालं, यांना जागा मिळाली. क्रिस्तियानबाई डिसेंबर 2014 मध्ये वयाच्या 103 व्या वर्षी गेल्या.

आता थंडीकडे येऊ. फ्रान्समध्ये 1936 साली कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. ती वाढत वाढत 1982 मध्ये पाच आठवड्यांवर गेली. हा पाचवा आठवडा सहसा उन्हाळ्याच्या रजेला जोडता येत नाही, म्हणून पुष्कळ जण तो थंडीत घेतात. रजा आहे, पण किनाऱ्यावरची बहुतेक केंद्रं बंद. मग शहरातच जमायचं.

तिथे कामाला येतो 1901 चा संस्थांचा कायदा. चार लोकांनी एकत्र यावं, संस्था नोंदवावी, आणि नोंदणीकृत संस्था म्हणून पालिकेकडे जागा मागावी. पॅरिसच्या 12 व्या प्रभागात रॉजे ल गाल नावाचा पालिकेचा तरणतलाव आहे. तिथे निसर्गवादी संस्थेला वर्षानुवर्षे संध्याकाळच्या ठरावीक वेळा मिळत आल्या. तोच तलाव, तेच गरम पाणी, तीच पालिकेची पाटी. फक्त वेळ वेगळी, त्यामुळे कुणाची कुणाला अडचण नाही.

सणाचं म्हणाल तर त्यात आपल्याला धक्का बसावा असं काहीच नाही. 24 डिसेंबरची रात्र फ्रेंच माणसाची घरच्यांसोबत जाते. तिथे सासू-सासऱ्यांसमोर निसर्गवादीही मुकाट्यानं कपड्यातच बसणार! 31 ची रात्र मित्रांची. आणि जानेवारीत कुठल्याही फ्रेंच संस्थेत कापतात तसा क्लबातही 'गालेत' कापायचा. बदामाचं सारण भरलेला हा गोल केक, आत एक छोटी मूर्ती लपवलेली. ज्याच्या तुकड्यात ती निघेल तो राजा, त्याच्या डोक्यावर कागदी मुकुट. इथल्या राजाच्या अंगावर तेवढाच ऐवज, एवढाच काय तो फरक.

नोव्हेंबर 2017 मध्ये पॅरिसात अशा लोकांसाठी एक हॉटेलही निघालं होतं. आत गेल्यावर कपडे आणि मोबाइल जमा करायचे, रस्त्यावरून दिसू नये म्हणून पडदे. फेब्रुवारी 2019 मध्ये ते बंद पडलं. मोर्चा नाही, तोडफोड नाही. गिऱ्हाईक पुरेसं आलं नाही, एवढंच कारण.

"आपला काय संबंध?" असं कुणी म्हणेल. आहे ना! जगातला असा पहिला ज्ञात क्लब 1891 मध्ये आपल्या ठाण्यात निघाला. चार्ल्स क्रॉफर्ड नावाच्या इंग्रज न्यायाधीशानं तो काढला, सभासद मोजून तीन. थोड्याच काळात संपला. पुढे पॅरिसात शिकून आलेल्या र. धों. कर्व्यांनी 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं, मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचं चित्र छापलं, कोर्टाच्या पायऱ्या चढले. 1934 मध्ये त्यांच्या बाजूनं उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, पण मासिक कर्व्यांच्या निधनापर्यंत, 1953 पर्यंत चाललं.

कर्वे लिहायचे ते सगळं बाबासाहेबांना पटत असेलच असं नाही. कपडे काढावेत असं माझंही म्हणणं नाही. प्रश्न सार्वजनिक जागेचा आहे. पालिकेचं सभागृह, मैदान, तलाव सगळ्यांच्या करातून होतात. ते फक्त बहुसंख्यांना आवडणाऱ्या कार्यक्रमांनाच द्यायचे, की कायद्यात बसणाऱ्या, कुणाला त्रास न देणाऱ्या मूठभरांनाही, त्यांच्या वेळेत? फ्रान्सनं याचं उत्तर वेळापत्रकात शोधलं.

आपल्या गावातलं सभागृह गेल्या वर्षभरात कुणाला मिळालं आणि कुणाला नाकारलं, आठवून बघा. कॉमेंटमध्ये लिहा. शिव्या नकोत, मुद्दे हवेत.