कल्हई उडालेले पातेले

उष्टावण म्हटले की मामाच्या मांडीवरचे बाळ, चांदीची वाटी आणि खिरीचा पहिला घास डोळ्यांपुढे येतो. गृह्यसूत्रांनी अन्नप्राशनासाठी सहावा महिना सांगितला. काश्यपसंहितेत आधी फळ आणि मग दहाव्या महिन्यात अन्न असा सबुरीचा क्रम आहे. उष्टावणानंतर वर्षाच्या मुलाला काय द्यावे, हेही घरोघरी ठरलेले असे: मऊ भात, वरणाचे पाणी, नाचणीसत्त्व, दुधात कुस्करलेली भाकरी. काय द्यावे, केव्हा द्यावे, कोणी भरवावे याबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलले आणि लिहिले गेले आहे. ते दूध कोणत्या भांड्यात तापवले जाई, हे मात्र सहसा कोणी लिहून ठेवले नाही. या लेखाचा विषय ती न लिहिलेली गोष्ट आहे.

1887 मध्ये कलकत्त्यात सेन यांनी आणि 1890 मध्ये गिबन्स यांनी लहान मुलांच्या यकृताच्या एका विलक्षण आजाराचे वर्णन केले. पुढे वैद्यकात त्याला ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ हे नाव मिळाले. घरांमध्ये मात्र ‘मुलाला लिव्हर झाले’ एवढेच म्हणत. आजार साधारण सहा महिने ते पाच वर्षे या वयात गाठायचा, त्यातही एक ते तीन वर्षांची मुले अधिक. मूल किरकिरे होई, पोट फुगत जाई, यकृत वाढून दगडासारखे टणक लागे. मग पोटात पाणी, कावीळ आणि बहुतेकदा काही महिन्यांत शेवट. एकाच घरातली दोन-तीन भावंडे एकामागून एक गेल्याच्या हकिकती वैद्यकीय नोंदींत वारंवार येतात.

अशा घरात दोष कोणावर जात असेल, हे सांगायला संशोधकाची गरज नाही. आईचे दूध ‘बाधते’, तिची कूस ‘तशीच’ आहे, हे शब्द आपल्या भाषेत आयतेच होते. डॉक्टरांनीही अनेक वाटा धुंडाळल्या. आनुवंशिकता, विषाणू, कुपोषण, आहारातली बुरशी अशा कारणांची चर्चा सुमारे नव्वद वर्षे चालली.

कोड्यात टाकणारी गोष्ट अशी, की हा आजार सर्वांत गरिबांचा नव्हता. तो प्रामुख्याने ग्रामीण भागातल्या, बऱ्यापैकी खाऊनपिऊन असलेल्या, बव्हंशी शाकाहारी हिंदू कुटुंबांत दिसे. ज्या घरात गोठा होता, दुभते होते, मुलाला लवकर वरचे दूध देण्याची ऐपत होती, त्याच घरात. उपाशी मूल एका कारणाने दगावत होते आणि दुधावर वाढणारे मूल दुसऱ्याच.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आजारी मुलांच्या यकृतात तांबे फार मोठ्या प्रमाणात साठलेले असते, हे स्पष्ट झाले. 1979 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये यावरचे महत्त्वाचे निबंध आले. पण तांबे येते कुठून? आईच्या दुधात ते अगदी थोडे असते, गाई-म्हशीच्या दुधात त्याहूनही कमी. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांनी हा प्रश्न प्रयोगशाळेतून थेट स्वयंपाकघरात नेला. बाळाला वरचे दूध कधी सुरू केले, ते कशात तापवले, कशात ठेवले, हे त्यांनी विचारले. 1983 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा निबंध छापून आला. 1987 मध्ये आजारी मुलांच्या आहाराची तुलना तशाच निरोगी मुलांशी करणारा अभ्यास आला. चित्र एकाच दिशेने जात होते: ज्या मुलांना वरचे दूध लवकर सुरू झाले आणि ते पितळी वा तांब्याच्या भांड्यात तापवले वा ठेवले गेले, त्यांच्यात आजार अधिक होता.

इथे आपली भाषा साक्षीला येते. ‘कळकणे’ हे क्रियापद मराठी स्वयंपाकघराने या एकाच अनुभवासाठी राखून ठेवले आहे. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक किंवा आमटी राहिली की ती कळकते. रंग बदलतो, चव विटते, आणि बाई ते ओतून देते. म्हणूनच कल्हईवाला दारावर येई. भांडे तापवून, नवसागर टाकून, कथील फिरवून तो आतून पांढरा मुलामा देई. मुलामा झिजला तरी कळकते ते आंबट, अशी समजूत होती. दूध आंबट नाही, ते चटकन कळकल्यासारखे दिसत नाही, म्हणून त्याची धास्ती नव्हती. प्रत्यक्षात दुधातले केसीन हे प्रथिन तांबे घट्ट पकडून ठेवते. अशा पातेल्यात दूध तापले, तासन्‌तास राहिले की तांबे त्यात उतरत जाते. नवजात बाळाच्या यकृतात तांब्याचा साठा जन्मतःच मोठा असतो आणि ते पित्तावाटे बाहेर टाकण्याची ताकद अजून कच्ची असते. पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण खरे होते, फक्त ते जिभेपाशी थांबले होते.

हे केवळ भारताचे दुखणे नव्हते. ऑस्ट्रियातल्या टायरोल प्रांतात 1900 ते 1974 या काळात अशाच आजाराने गेलेल्या 138 मुलांचा शोध 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेही बाटलीने पाजायचे दूध तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात तयार होई, आणि भांडी बदलल्यावर आजार नाहीसा झाला. दोन्हीकडे असे दूध प्यालेली सगळीच मुले आजारी पडली नाहीत, आणि आपल्याकडे काही आजारी मुलांच्या घरात तसे भांडे सापडलेही नाही. म्हणून काहींमध्ये उपजत कमजोरी असावी, हा विचार आजही टिकून आहे.

पुण्यात पुढे पेनिसिलामाइन या औषधाने, वेळेत आलेली काही मुले वाचवता आली. पण आजार जवळजवळ नामशेष झाला तो औषधाने नव्हे. डॉक्टरांनी पितळी भांडी टाळायला सांगितले, हे खरेच. त्याच सुमारास आणि त्याआधीपासूनही स्टेनलेस स्टील घराघरात शिरत होते. त्याला ना कल्हईचा खर्च, ना चिंचेने घासण्याचे कष्ट. जुने कपडे घेऊन चकचकीत पातेले देणाऱ्या बोहारणीने किती लेकरे वाचवली, याचा हिशेब कुठल्याच दप्तरात नाही. तिलाही तो ठाऊक नसणार.

के.ई.एम.पासून कसबा पेठेतली तांबट आळी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या कारागिरांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांचे भांडे कल्हईसकट वापरायचे म्हणूनच घडत होते. पण आज तांबे-पितळ ‘आरोग्यदायी’ म्हणून पुन्हा ओट्यावर येत आहे, आणि कल्हईवाला मात्र परत आलेला नाही. नातवंडासाठी हौसेने माळ्यावरून आजीचे पितळी पातेले काढले जाते, तेव्हा ही हकिकत आठवायला हवी.

वर्षाच्या मुलाला काय द्यावे, याची उत्तरे सोपी आहेत आणि बरीचशी आपल्या घरातच आहेत: आईचे दूध सुरू ठेवून मऊ वरणभात, त्यावर तूप, नाचणीची खीर, शिजवून कुस्करलेली भाजी, चालत असेल तर अंडे. दूधही द्यावे, पण स्टीलच्या भांड्यात तापवून. आणि ज्या आयांना ‘तुझेच दूध बाधले’ असे ऐकावे लागले, त्यांच्याबद्दल एवढे तरी नोंदवून ठेवावे, की घातक ठरलेले तांबे त्यांच्या दुधातले नव्हते. ते पातेल्यात होते.