फोटोंना नावं ठेवताना

नावं ठेवण्याच्या बाबतीत आम्हा पुणेकरांचा हात कोणी धरू शकत नाही, असं उरलेला महाराष्ट्र म्हणतो. म्हणोत बापडे! पण गेले काही महिने आमच्या घराण्यातले जुने फोटो स्कॅन होऊन एका सामायिक फोल्डरमध्ये जमा होताहेत, आणि नीट नाव ठेवणं हे किती कठीण काम आहे ते आता कळतंय. पुण्याचे, नाशिकचे, न्यू जर्सीचे असे सगळेजण आपापल्या ट्रंकांमधले फोटो त्यात टाकतात आणि सुचेल तो टॅग लावून मोकळे होतात. एकाच बाईंना तिथे ‘आजी’, ‘माई’, ‘मोठी काकू’ आणि ‘मामी’ असे चार टॅग आहेत. उलट ‘अण्णा’ या एका टॅगखाली तीन वेगवेगळे गृहस्थ बसलेत, आणि त्यांतल्या दोघांचं आपसात पटत नव्हतं म्हणे :)

म्हणजे फोटो आहे, पण शोधायला गेलं तर सापडत नाही. असून नसल्यासारखा. शेवटी सगळ्यांसाठी टॅगचे नियम ठरवावेत असं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. लिहायला बसल्यावर लक्षात आलं की हा प्रश्न काही कॉम्प्युटरने आणलेला नाही. तो बराच जुना आहे. आणि त्याचा इतिहास पाहिला की नियम आपोआपच सुचत जातात.

बिबवेवाडीत राहणाऱ्या माणसाला आधी बिबवाच आठवणार. ज्याच्या फळाला आपण बिब्बा म्हणतो ते हे झाड. आतली गोडंबी डिंकाच्या लाडवात जाते आणि कवचातला रस अंगावर उतला तर फोड येतात. हा रस हवा लागली की काळा होतो, आणि चुन्याची जोड दिली की कापडावर असा काही बसतो की धुऊन निघत नाही. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या धोबी लोक कपड्यांवर खुणा करायला बिब्बा वापरत आले. इंग्रजांनी त्याला ‘मार्किंग नट’च म्हटलं, आणि ‘सेमेकार्पस’ या शास्त्रीय नावाचा ग्रीक अर्थही ‘खुणेचं फळ’ असाच आहे.

विचार केला तर धोब्याचा प्रश्न आणि आमचा प्रश्न एकच. शंभर घरांचे कपडे एकाच घाटावर, एकाच भट्टीत. त्यातून प्रत्येकाचा सदरा त्याच्या घरी परत गेला पाहिजे. त्यासाठी एका घराची एकच खूण, आणि ती दर खेपेला तीच. आज दोन ठिपके आणि उद्या फुली असं केलं की संपलंच. पण धोब्याच्या पद्धतीत एक उणीव होती. कुठली खूण कुठल्या घराची, हे फक्त त्याच्या डोक्यात. तो माणूस गेला की खूण राहते आणि अर्थ जातो. आपल्या घराघरांतल्या अल्बमांचं नेमकं हेच झालंय. ‘ही कोण?’ याचं उत्तर एका आत्याच्या डोक्यात असतं, आणि त्या आत्या आता नव्वदीला आलेल्या असतात.

आता एक फोटो घेऊ, जो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. १० ऑक्टोबर १८८५ला फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात काढलेला. तीन तरुणी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. एक आपल्या आनंदीबाई जोशी, दुसऱ्या जपानच्या केई ओकामी, तिसऱ्या सीरियाच्या सबात इस्लांबूली. हा फोटो आज तिथल्याच ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. त्याखाली छापलेली ओळ मोठी बघण्यासारखी आहे. आनंदीबाईंचं ‘आनंदाबाई’ झालंय. सबातचं ‘तबात’ झालंय. आनंदीबाईंचं गाव म्हणून ना कल्याण, ना पुणे. अमेरिकेला निघण्यापूर्वी त्या गोपाळरावांबरोबर बंगालमधल्या सेरामपूरला राहत होत्या, ते नाव दिलंय, आणि तेही ‘सेरानिसोर’ असं काहीतरी. शिवाय तिघींच्याही नावामागे ‘डॉ.’ आहे. आनंदीबाई पदवीधर झाल्या मार्च १८८६मध्ये, ओकामी १८८९मध्ये आणि इस्लांबूली १८९०मध्ये. म्हणजे फोटोच्या दिवशी तिघींपैकी एकही डॉक्टर झालेली नव्हती.

ही ओळ ज्याने लिहिली त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्याच्या कानाला जे जसं ऐकू आलं ते त्याने लिहिलं. पण ‘कल्याण’ किंवा ‘पुणे’ म्हणून शोधणाऱ्याला ही ओळ फोटोपर्यंत नेणार नाही. मग ती ओळ खोडून दुरुस्त करायची का? मुळीच नाही. ती ओळसुद्धा इतिहासच आहे. त्या काळी अमेरिकेत आपली नावं कशी ऐकली जात, ते ती सांगते. ती जशीच्या तशी ठेवायची आणि टॅग मात्र आपले, वेगळे लावायचे. आमच्या कागदावरचा पहिला नियम इथून आला: फोटोच्या मागे जे लिहिलं असेल ते चुकांसकट उतरवायचं. सुधारणा टॅगमध्ये, मुळात नाही.

खरा गुंता नावांचाच आहे, आणि आपल्याकडे तो बायकांच्या नावांचा आहे. आनंदीबाई जन्माने यमुना. लग्नानंतर आनंदी झाल्या. माहेरही जोशी आणि सासरही जोशी. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई, त्याही जन्माने यमुनाच, माहेरच्या कुर्लेकर. आणि महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई? त्या माहेरच्या गोदूबाई जोशी, पहिल्या लग्नाने नातू, आणि १८९३मध्ये पुनर्विवाह झाल्यावर आनंदी कर्वे. घरात मात्र बाया. आता कल्पना करा, या तिघींचे फोटो एका फोल्डरमध्ये आहेत आणि कोणी ‘यमुना’ म्हणून शोधतंय, कोणी ‘आनंदी’, कोणी ‘जोशी’. कोण कोणाच्या नावावर निघेल याचा नेम नाही.

या तिघी मोठ्या होत्या, त्यांची चरित्रं लिहिली गेली, म्हणून आपण गुंता सोडवू शकतो. आपल्या पणज्यांची चरित्रं कोणी लिहिणार नाही. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं की माहेरच्या फोटोतली मुलगी आणि सासरच्या फोटोतली सून या दोन वेगळ्या व्यक्ती होतात. आमच्याच फोल्डरमध्ये परकर-पोलक्यातली एक मुलगी आहे आणि तोंडभर हसणारी एक नऊवारीतली आजी आहे. दोघी एकच, हे कळायला माहेरचा एक आणि सासरचा एक असे दोन म्हातारे एकाच वेळी फोन-कॉलवर असावे लागले. पुरुषांच्या बाबतीत हे सहसा होत नाही. तेव्हा टॅग नीट लावणं म्हणजे नुसती टापटीप नव्हे. कोण आठवणीत राहणार आणि कोणाचे दोन तुकडे होणार, ते इथेच ठरतं.

ग्रंथपाल मंडळींनी यावर फार पूर्वी तोडगा काढलाय. अमेरिकेतल्या चार्ल्स कटरने १८७६मध्ये सूचीचे नियम छापले. त्यातली मुख्य गोष्ट साधी होती: वाचकाला एका माणसाचं सगळं एका जागी सापडलं पाहिजे. त्यासाठी एक नाव मुख्य ठरवायचं आणि बाकीच्या नावांवरून तिकडे बोट दाखवायचं. आपल्या मराठी विश्वकोशात ‘पहा’ असं लिहिलेलं असतं ना, तेच. आमचा दुसरा नियम असा झाला: नातं हा टॅग नाही, कारण माझी आजी ती तुझी मामी असते. टॅगला पूर्ण नाव. बाईचं मुख्य नाव सासरचं ठेवायचं की माहेरचं यावर दोन संध्याकाळी वाद झाला. शेवटी ठरलं की ती स्वतः ज्या नावाने सही करायची ते मुख्य. आणि दुसरं नाव दरवेळी सोबत, म्हणजे शोध कुठल्याही बाजूने घेतला तरी ती सापडेल.

दुसरे मोठे माणूस म्हणजे आपले रंगनाथन. मूळचे मद्रासचे गणिताचे प्राध्यापक. १९३३मध्ये त्यांनी द्विबिंदू वर्गीकरण आणलं. कुठल्याही विषयाला एकाच खणात कोंबण्यापेक्षा त्याच्याकडे पाच बाजूंनी पाहा, असं त्यांचं म्हणणं: व्यक्तिमत्त्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल. हे जड वाटतं, पण घरगुती भाषेत उतरवलं तर कोण, काय, काय चाललंय, कुठे आणि केव्हा. आम्ही प्रत्येक फोटोला हे पाच प्रश्न विचारतो, याच क्रमाने. उत्तर नसेल तर जागा रिकामी. ‘छान’, ‘आठवणी’, ‘गोड’ असले टॅग बाद!

‘कुठे’चं उत्तर सोपं वाटतं, पण आमच्याच भागाचं बघा. जुन्या फोटोमागे ‘बिबवेवाडी, ता. हवेली’ असतं, कारण तेव्हा हे शहराबाहेरचं खेडं. नंतरच्यांवर ‘पुणे ३७’, पण ३७मध्ये मार्केट यार्डही येतं. अलीकडच्यांवर नुसतं ‘अप्पर’. अप्पर म्हणजे अप्पर इंदिरानगर, आणि शेजारी लोअर आणि सुपरही आहेत, हे पीएमटीने फिरलेल्याला सांगावं लागत नाही. न्यू जर्सीच्या भाचीला मात्र ‘अप्पर’ काय आहे ते कसं कळणार? शहरातही तेच. मंडईची इमारत १८८६ची, तेव्हा ती ‘रे मार्केट’, पुढे महात्मा फुले मंडई झाली. लकडी पुलात लाकूड नाही, आणि पाटीवर संभाजी पूल लिहिलंय. तेव्हा तिसरा नियम: त्या काळचं नाव मथळ्यात, आजचं नाव टॅगमध्ये, आणि क्रम कायम लहानाकडून मोठ्याकडे. बिबवेवाडी, पुणे. आणि शुद्धलेखन एकच. कॉम्प्युटर आज्ञाधारक असला तरी समजूतदार नसतो. ‘बिबवेवाडी’ आणि ‘बिब्वेवाडी’ ही त्याच्या लेखी दोन गावं. रोमन लिपीत तर व्ही की डब्ल्यू इथपासून भांडण.

‘केव्हा’ला पुण्यात एक हुकमी खूण आहे. कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, ‘पानशेतच्या आधी’ किंवा ‘पानशेतनंतर’ असं उत्तर येतं. १२ जुलै १९६१ला धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधल्या कित्येक घरांतले फोटो पाण्यात गेले. या उत्तराला कमी लेखू नये. ते टॅगमध्ये ‘१९६१पूर्वी’ असं नीट बसतं. माहीत नसताना ‘१९५८’ ठोकून देण्यापेक्षा हे कितीतरी खरं. पत्रिकांवर शके असतं, त्यात ७८ मिळवायचे, आणि कार्य जानेवारी ते फाल्गुन या काळातलं असेल तर ७९. स्कॅनरच्या तारखेवर मात्र विश्वास ठेवू नये. त्याच्या हिशेबाने आमच्या पणजोबांची मुंज गेल्या गणपतीत झाली :)

आता कोणी म्हणेल, एवढे नियम कशाला, लोकांना हवं ते लिहू द्या. तोही प्रयोग झालेला आहे. २००४मध्ये फ्लिकर सुरू झालं, लोक मनाला येईल ते टॅग लावू लागले, आणि त्याच वर्षी थॉमस व्हँडर वाल यांनी अशा लोकांनी केलेल्या वर्गवारीला ‘फोक्सॉनॉमी’ हे नाव दिलं. जानेवारी २००८मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपले सुमारे ३,००० जुने फोटो तिथे ठेवले. काही महिन्यांत अडीच हजारांवर लोकांनी ६७,००० हून जास्त टॅग लावले. त्यात गोंधळ होताच, पण कोणी आपलं गाव ओळखलं, कोणी माणसं ओळखली. लायब्ररीने काय केलं? टॅग टॅगच्या जागी राहू दिले. जी माहिती पडताळून खरी निघाली ती आपल्या मूळ नोंदीत घेतली, आणि ती कुठून मिळाली तेही लिहिलं. अशा ५००हून जास्त नोंदी सुधारल्या. म्हणजे सगळ्यांना बोलू द्यायचं, पण कोण बोललं ते लिहून ठेवायचं. हा आमचा चौथा नियम: ‘थोरल्या आत्याने सांगितलं, दिवाळी’ एवढी नोंद पुरे. दोघांचं एकमत नसेल तर दोन्ही लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह. वाद मिटवायची घाई नको, फोटो कुठे पळून जात नाही.

पाचवा नियम शेवटचा, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. लग्नाच्या प्रत्येक मोठ्या फोटोत कडेला काही माणसं उभी असतात. स्वयंपाकाच्या बाई, पाणी भरणारे, मुलं सांभाळणारी एखादी मुलगी. त्यांच्या चेहऱ्यावर कोणीच टॅग लावलेला नाही. एका ठिकाणी ‘गडी’ असं होतं. ‘गडी’ हे नाव नव्हे. अशा प्रत्येकाला ‘नाव हवं’ असा टॅग लावायचा, म्हणजे त्या सगळ्यांची एक यादी तयार होते आणि ती वडीलधाऱ्यांसमोर ठेवता येते. आतापर्यंत त्या यादीतल्या चौघांची नावं मिळाली आहेत. त्यातल्या एकींनी माझ्या बाबांना लहानाचं मोठं केलं होतं, आणि हे बाबांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

तर असे पाच नियम, एका पानात मावणारे. दादा, वहिनी, न्यू जर्सीकर मंडळी, कोणाला बदलायचे असतील तर जरूर बदलू, मात्र सगळ्यांनी मिळून, आणि बदलले की आधीच्या फोटोंनाही लागू करून. तोवर एकच विनंती. नवे फोटो स्कॅन करायचे थोडे थांबवले तरी चालतील, ते कुठे जात नाहीत. थोरल्या आत्याकडे मात्र या रविवारी ‘नाव हवं’ची यादी घेऊन कोणीतरी जाच.