डीपीची गुणगुण आणि एका प्रबंधाची गोष्ट

आमच्या इंदुरी मराठी गोतावळ्यात लग्नकार्याला गेलं की मला एक प्रश्न ठरलेला. "पीएचडी लोहचुंबकावर? त्यात आता शोधायचं काय उरलंय गं?" सगळ्या आत्या-काकांना इथे एकदाच सांगून टाकते.

गल्लीच्या तोंडाशी डीपी असते, ती रात्री घुमते. आपण म्हणतो विजेचा आवाज. पण घुमतं ते मुख्यतः आतलं लोखंड! चुंबकत्वाबरोबर लोखंड किंचित लांबतं-आखडतं. आपल्या विजेचे सेकंदाला 50 फेरे, दर फेऱ्यात हे दोनदा, म्हणजे सेकंदाला 100 वेळा. हे लांबणं जेम्स जूलने 1842 सालीच नोंदवलं होतं. (हा मँचेस्टरकडचा, घरचा धंदा बीअर गाळण्याचा!) अर्थ एवढाच की अणूंच्या चुंबकी सुया, म्हणजे स्पिन, आणि अणूंची जाळी यांचं एकमेकांशी घट्ट नातं आहे.

पण गणित सुरू झालं ते जाळी स्थिर धरूनच. 1924 साली हॅम्बुर्गमध्ये अर्न्स्ट ईझिंग नावाच्या तरुणाने गुरू लेन्झ यांच्या सांगण्यावरून प्रबंध लिहिला. एका ओळीत सुया, प्रत्येकीचं तोंड वर नाहीतर खाली, शेजारणीशी जमवून घेणाऱ्या. उत्तर निघालं की थोडी जरी उष्णता असली तरी अशी ओळ चुंबक होत नाही. तीन मितींतही होणार नाही, असं त्याला वाटलं. तिथे तो चुकला. पायर्ल्सने 1936 मध्ये आणि ऑन्सागरने 1944 मध्ये दाखवलं की सपाट जाळीतसुद्धा चुंबकत्व टिकतं.

तोवर ईझिंग कुठे होता? ज्यू म्हणून 1933 नंतर नोकरी गेली. पॉट्सडॅमजवळच्या ज्यू मुलांच्या शाळेत शिकवू लागला, तर 1938 च्या नोव्हेंबरात जमावाने ती शाळा उद्ध्वस्त केली. मग लक्झेंबर्ग. तिथे मेंढ्या राखल्या, रेल्वेचे रूळ उखडण्याची मजुरी केली. 1947 मध्ये अमेरिकेला पोचला आणि 1949 च्या सुमारास त्याला कळलं की आपल्या नावाचं मॉडेल जगभर वापरतात. पंचवीस वर्षांनी! पुढे तो पिओरिया गावी कॉलेजात शिकवत राहिला, संशोधनाकडे वळला नाही. 98 वर्षं जगला. मला तो ऑन्सागरपेक्षा जवळचा वाटतो.

आता माझं काम. जाळी स्थिर धरून भागत नाही. लोखंड 770 अंशांना चुंबकत्व गमावतं, 912 ला जाळीची मांडणीच बदलतं. आणि थंड लोखंडाची मांडणी टिकते तीच मुळी चुंबकत्वामुळे. मा, वू आणि दुदारेव यांनी 2008 साली लोखंडासाठी अणूंचं हलणं आणि सुयांचं फिरणं एकत्र चालवायची रीत मांडली. त्यामागे फ्यूजन भट्टीत पोलाद कसं टिकेल ही विवंचना होती.

आम्ही संगणकात लाखो अणू मांडतो. वेळेचा एक टप्पा साधारण एक फेम्टोसेकंद. सेकंदाचा एक अब्जांश भाग बघायचा तर असे 10 लाख टप्पे, आणि प्रत्येकात सगळ्या अणूंचं बल नव्याने काढायचं. म्हणून "झालं का गं?" विचारलंत की मी "चाललंय" म्हणते. खरंच चाललेलं असतं, आमच्या लॅबच्या क्लस्टरवर, रात्रभर.