नोंदवहीबाहेरचे चेंडू : पालवणकर बाळू आणि आकड्यांचे दफ्तर

मुंबईहून द्रुतगती मार्गाने निघावे, खंडाळ्याचा घाट चढावा, लोणावळा आणि तळेगाव मागे टाकावे, की पुण्याच्या अलीकडे गहुंज्याच्या शिवारात महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे भव्य मैदान दिसू लागते. तालुका मावळ. फेब्रुवारी २०१७ मध्ये या मैदानावर पहिला कसोटी सामना झाला. ऑस्ट्रेलियाचा डावखुरा फिरकी गोलंदाज स्टीव्ह ओ'कीफ याने पहिल्या डावात ३५ धावांत ६ बळी घेतले आणि दुसऱ्या डावातही बरोबर ३५ धावांत ६. भारताचे डाव १०५ आणि १०७ धावांत आटोपले. पराभव ३३३ धावांनी झाला.

त्या सामन्यातील प्रत्येक चेंडू आज आंतरजालावरील संग्रहांत नोंदलेला आहे. कोणी टाकला, कोणी खेळला, त्यावर काय घडले, हे कोणालाही घरबसल्या पाहता येते.

त्याच्या सव्वाशे वर्षे आधी, याच पुणे जिल्ह्यात, दुसरा एक डावखुरा फिरकी गोलंदाज युरोपियन साहेबांना रोज चेंडू टाकत असे. दिवसाला शेकडो, वर्षाकाठी हजारो. त्यांपैकी एकाही चेंडूची नोंद नाही. त्याचे नाव पालवणकर बाळू.

क्रीडा-आकडेवारीचे संग्रह वाढवण्याची गोष्ट निघाली, की सहसा जुन्या नोंदी शोधून त्या संगणकावर चढवण्याविषयीच बोलले जाते. ते काम मोठे आहेच. १९७३ साली ब्रिटनमध्ये क्रिकेट-सांख्यिकांची संघटना स्थापन झाली आणि विस्मृतीत गेलेले धावफलक तिच्या सभासदांनी चिकाटीने गोळा केले. १९९३ मध्ये क्रिकइन्फो सुरू झाले, तेव्हा स्वयंसेवक धावफलक हाताने टंकून पाठवीत. २००३ मध्ये क्रिकेटआर्काइव्ह आले. मुंबईत आनंदजी डोसा यांनी तर संगणकाच्या कितीतरी आधीपासून भारतीय क्रिकेटचे आकडे जपले. या मंडळींचे ऋण न मानणे कृतघ्नपणाचे ठरेल.

परंतु संग्रहात काय घ्यायचे, याआधी एक प्रश्न येतो : कोणता सामना मोजायचा?

'प्रथम श्रेणी' या शब्दाची अधिकृत व्याख्या १९४७ साली झाली. अकरा-अकरा खेळाडूंचे दोन संघ, तीन किंवा अधिक दिवसांचा सामना, आणि संघांचा दर्जा त्या त्या देशाच्या नियामक मंडळाने मान्य केलेला. ही व्याख्या पूर्वलक्षी नव्हती. म्हणजे १९४७ पूर्वीचे सामने प्रथम श्रेणीचे होते की नव्हते, हे पुढे इतिहासकारांनी आणि सांख्यिकांनी आपापल्या विवेकाने ठरवले. भारतापुरती त्यांची यादी ऑगस्ट १८९२ मध्ये, युरोपियन विरुद्ध पारशी या मुंबई इलाख्याच्या सामन्याने सुरू होते. १८९० साली पारशांनी व्हर्नन यांच्या इंग्लिश संघाला मुंबईत हरवले, हजारो लोकांनी तो विजय डोळ्यांनी पाहिला. पण तो या यादीच्या दोन वर्षे अलीकडे राहिला.

इलाख्याचे सामने मुंबईत आणि पुण्यात होत. १८६३ पासून बोरघाटातून आगगाडी धावत होती, त्यामुळे खंडाळा-लोणावळ्यामार्गे संघांची ये-जा सुकर झाली होती. पावसाळ्याच्या अखेरीस पुण्याची हवा खेळाला मानवणारी; साहेबांचा सरकारी मुक्कामही तेव्हा पुण्यातच. भारतातील प्रथम श्रेणी क्रिकेटच्या पाळण्याची एक दोरी अशी पुण्याच्या हाती होती.

आता त्याच १८९२ सालातले दुसरे चित्र पाहावे. बाळू सोळा वर्षांचे होते. जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे, जातीने चर्मकार. पुण्यात एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडण्याचे आणि तिच्यावर रोलर फिरवण्याचे काम ते तीन रुपये महिन्याने करीत. तेथून ते युरोपियनांच्या क्लबात चार रुपयांवर आले. जाळ्या उभारणे, चुन्याच्या रेघा आखणे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणे, ही त्यांची कामे. कॅप्टन जे. जी. ग्रेग हे त्या काळातले नामांकित फलंदाज. बाळूंनी बाद केले, की ग्रेग दर वेळी आठ आणे देत, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असेल तर तो हिशेब मोठा गमतीदार आहे : ज्या बळींची कोणत्याही धावफलकात नोंद नाही, त्यांची नोंद फक्त साहेबांच्या खिशाने ठेवली.

बाळूंच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही.

ग्रेग यांनी इलाख्याच्या सामन्यांत काढलेल्या धावा प्रथम श्रेणीच्या संग्रहात सुखरूप आहेत. त्या धावांमागचा सराव ज्या हाताने करवून घेतला, त्या हाताची त्या वर्षांतली एकही ओळ तेथे नाही. यात संग्रहकर्त्यांची लबाडी नाही. त्यांनी नियम प्रामाणिकपणे पाळला. नियम ज्या जगातून आला, त्या जगात फलंदाज हा खेळाडू होता आणि जाळीतला गोलंदाज हा नोकर.

पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाला या गोलंदाजाची गरज भासली. वाद झाले, कुरबुरी झाल्या, अखेर त्यांना संघात घेतले गेले. मैदानात सवर्ण खेळाडू त्यांच्या हातून आलेला चेंडू झेलत. चहाच्या वेळी मात्र बाळूंचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या कपात. या संघाने पुण्यातील आणि साताऱ्यातील युरोपियनांना हरवले. हे सामनेही प्रथम श्रेणीत मोडत नाहीत.

शतक संपण्यापूर्वी बाळू मुंबईस गेले, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. संग्रहातील त्यांचे पहिले पान उघडते ते फेब्रुवारी १९०६ मध्ये, युरोपियनांविरुद्धच्या सामन्याने. हिंदूंनी तो १०९ धावांनी जिंकला आणि बाळूंनी आठ बळी घेतले. त्या दिवशी त्यांना तिसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर उरला होता. फिरकी गोलंदाजाची उमेदीची दहा-बारा वर्षे त्या पानाच्या आधीच सरून गेली होती.

त्यांचे प्रथम श्रेणीचे आकडे असे : ३३ सामने, १७९ बळी, सरासरी सुमारे १५. तिशीत आरंभ करून मिळवलेली ही सरासरी आजही विस्मयकारक वाटते.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्याचा हिशेब याहून बोलका आहे. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालील संघ २३ सामने खेळला. बाळूंनी सर्व मिळून ११४ बळी घेतले. प्रथम श्रेणीत मात्र १४ च सामने धरले जातात आणि त्यांत बाळूंचे बळी ७५. उरलेले ३९ बळीही इंग्लंडच्याच मैदानांवर, त्याच उन्हाळ्यात, त्याच बोटांनी घेतलेले. तरी कारकिर्दीच्या एकूण आकड्यात ते धरले जात नाहीत. दोन पुस्तकांत दोन आकडे आढळले, की नवखा वाचक एकास चूक ठरवतो. वास्तविक दोन्ही बरोबर आहेत. मोजण्याची चौकट तेवढी वेगळी.

अमेरिकेत बेसबॉलच्या इतिहासकारांपुढे हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. तेथे कृष्णवर्णीय खेळाडूंना १९४७ पर्यंत मेजर लीगचे दार बंद होते, म्हणून त्यांनी स्वतःच्या लीग उभारल्या. कोणत्या लीगला 'मेजर' म्हणावे हे ठरवण्यासाठी १९६९ मध्ये एक समिती बसली. तिने सहा लीगना तो मान दिला, त्यांत कृष्णवर्णीयांची एकही नव्हती. पुढे अनेक हौशी संशोधकांनी जुन्या वृत्तपत्रांतून एकेक सामना वेचला. डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ या काळातील सात लीगना दर्जा मिळाला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत विलीन झाले.

एका दिवसात इतिहास हलला. कारकिर्दीतील सर्वोच्च फलंदाजी सरासरीचा मान टाय कॉब यांच्याकडे होता, .३६७. तो जॉश गिब्सन यांच्याकडे गेला, .३७२. गिब्सन यांना मरून तेव्हा ७७ वर्षे झाली होती. विली मेझ हयात होते. त्यांच्या नावावर १९४८ चे दहा फटके वाढले आणि ३,२८३ चा आकडा ३,२९३ झाला. तरीही सारे काही मोजले गेले असे नाही. गिब्सन यांच्या सन्मानफलकावर सुमारे ८०० होमरनचा उल्लेख आहे. अधिकृत नोंदीत ते दोनशेच्याही खाली आहेत, कारण लीगबाहेरचे गावोगावचे सामने आजही बाहेरच आहेत. बाळूंचे ३९ बळी आणि गिब्सन यांचे ते होमरन एकाच पंगतीतले म्हणायचे.

मग बाळूंसाठीही असेच करावे का? साताऱ्याच्या सामन्याला मागाहून प्रथम श्रेणीचा दर्जा द्यावा का? तसे करणे उचित दिसत नाही. गिब्सन यांच्यापाशी वृत्तपत्रे होती. शिकागो डिफेंडर आणि पिट्सबर्ग कूरियर ही कृष्णवर्णीयांची पत्रे आपल्या सामन्यांचे तपशील छापत. वगळलेल्या समाजाने आपली नोंद स्वतः ठेवली होती आणि लीगही स्वतःची होती. १८९० च्या पुण्यात बाळूंपाशी यांतले काहीच नव्हते. जाळीतल्या सरावाचा धावफलक नसतो. तेथे आकडा शोधणे व्यर्थ. मिळतील त्या आठवणी. बाळूंचे धाकटे बंधू विठ्ठल, जे पुढे हिंदू संघाचे कर्णधार झाले, त्यांनी मराठीत आत्मचरित्र लिहिले आहे. आकड्यांच्या संग्रहाला असे पुस्तक पचत नाही, हीच खरी अडचण.

शिवाय नोंदवही कधीच निर्विकार नसते. डिसेंबर १९४८, पूना क्लबचे मैदान. महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमन यांचा ४५२ चा विक्रम मोडण्यास दहा धावा हव्या होत्या. काठियावाडच्या कर्णधारांनी, म्हणजे राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, सामनाच सोडून दिला. विक्रमाच्या पानावर आपल्या संघाचे नाव पराभूत म्हणून छापले जाऊ नये, एवढ्यासाठी. निंबाळकर पुढे एकही कसोटी खेळले नाहीत.

करण्याजोगे काम मात्र पुष्कळ आहे. प्रथम श्रेणीबाहेरच्या सामन्यांना स्वतंत्र दालन देता येते, आणि कारकिर्दीचा एकच आकडा छापण्याऐवजी दोन्ही शेजारी ठेवता येतात. नावांचा घोळ निस्तरायला हवा : जुन्या फलकांत हे बंधू 'बाळू', 'शिवराम', 'विठ्ठल', 'गणपत' अशा पहिल्या नावांनीच येतात, इंग्रजी अक्षरे दर वेळी निराळी, आणि आडनावाने शोधणाऱ्याला ते चार भाऊ आहेत याचा पत्ताही लागत नाही. 'ज्ञानप्रकाश' १८४९ पासून पुण्यात निघत होते, 'केसरी' १८८१ पासून. त्यांच्या १८९२ ते १८९६ च्या फायली पावसाळ्याच्या महिन्यांपासून सुरुवात करून पानागणिक चाळाव्यात; आणि पहिला शोध साताऱ्याच्या त्या सामन्याचा घ्यावा.