हेलसिंकीत खाल्लेले दहा गोल

जुलै 1952. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले आणि सातारा जिल्ह्याला ते ऑलिम्पिक कायमचं पाठ झालं. त्याच स्पर्धेत, खाशाबांच्या पदकाच्या आठवडाभर आधी, भारताच्या फुटबॉल संघाने युगोस्लाव्हियाकडून दहा गोल खाल्ले. परतफेड एकाच गोलाची, तीही अगदी शेवटी, अहमद खानच्या पायाने. आपले अनेक खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. या पराभवानंतर बुटांची सक्ती आली. दहा गोल म्हटलं की बोट गोलीकडे जातं, पण दहा गोल एकट्या माणसाला खाता येत नाहीत.

गोलीला एका चौकटीत उभं करून जबाबदार धरायची पद्धत तशी उशिराची. इंग्लंडच्या नियमांत त्याचा स्वतंत्र उल्लेख आला 1871मध्ये. त्याच्या अंगावर वेगळ्या रंगाची जर्सी चढली 1909मध्ये. 1912पर्यंत तो आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताळू शकत होता, त्यानंतर त्याचे हात पेनल्टी क्षेत्रापुरते उरले. आणि ज्या पेनल्टी किकने त्याची झोप उडवली, ती 1890मध्ये सुचली आयर्लंडच्या विल्यम मॅक्रमला. हा गृहस्थ स्वतः गोली होता!

स्वतंत्र भारताने ऑलिम्पिकमध्ये फुटबॉलचा पहिला सामना खेळला 1948 साली, फ्रान्सशी. त्यात आपण 1-2 हरलो. तिथे हळहळ होती ती आपणच वाया घालवलेल्या दोन पेनल्टींची. 1956च्या मेलबर्नला मात्र संघ चौथा आला. त्या संघातला पीटर थंगराज लष्कराच्या संघात तयार झालेला, सहा फुटांच्या वरचा गडी. दुसरा गोली एस. एस. नारायण, जन्म केरळातला पण कारकीर्द मुंबईची. तो कॅल्टेक्सकडून खेळला, महाराष्ट्राकडून खेळला आणि 1960च्या रोम ऑलिम्पिकच्या संघातही होता. 2021मध्ये ठाण्यात तो वारला, तेव्हा किती मराठी घरांत हे नाव ओळखीचं होतं?

थंगराज 1962च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होता. त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला 1967मध्ये. थंगराजनंतर अर्जुन मिळवणारा पुढचा गोली दिसतो थेट 1997मध्ये, तीस वर्षांनी. तो म्हणजे गोव्याचा ब्रह्मानंद शंखवाळकर. साळगावकर संघाचा हा गोली भारताचा कर्णधार झाला. 1983-84ची संतोष ट्रॉफी गोव्याने जिंकली ती त्याच्या भरवशावर, एकही गोल न खाता. अर्थात, उशिराबद्दल साताऱ्याला कोणी काय सांगावं? खाशाबांना अर्जुन मिळाला तो मरणोत्तर.

या तिन्ही गोलींच्या मागे काय होतं ते पाहिलं की बरंच उलगडतं. थंगराजला लष्कर होतं, नारायणला तेल कंपनी, ब्रह्मानंदला खाण उद्योजकाचा संघ. गोली पिकतो उशिरा, तोवर त्याला पोसणारं कोणी तरी लागतं. पैलवानासाठी सातारा-सांगलीत ते काम गावच्या तालमीने केलं. फुटबॉलपटूंना नोकरी देणाऱ्या मुंबईच्या कंपन्यांनी मात्र एकेक करून हात आखडता घेतला. महिंद्रा युनायटेडही 2010मध्ये बंद झाला.

शेजारच्या कोल्हापुरात तर तालमींनीच फुटबॉल संघ उभे केले. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल ही मूळची तालमींची नावं, आणि त्यांच्या सामन्यांना आजही तोबा गर्दी असते. सांगलीच्या एखाद्या उंच पोराला गोली व्हायचं असेल तर पहिली एसटी कोल्हापूरचीच पकडावी. तिथलाच अनिकेत जाधव 2017च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पण तोही आघाडीचा खेळाडू, गोल करणारा.