शाश्वत सामग्री-संग्रह

कला, वास्तुकला आणि डिझाइनच्या विद्यार्थ्यांना हाताळून पाहता यावेत, यासाठी वर्गवारी करून ठेवलेल्या सामग्री-नमुन्यांचा संग्रह. विद्यार्थी त्याला ‘मटेरियल लायब्ररी’ म्हणतात. कच्चा माल कुठला, त्यावर कोणती प्रक्रिया झाली, काम करताना अंगाला काय अपाय होतो आणि वापर संपल्यावर त्या वस्तूचे काय होते, हे प्रत्येक नमुन्यासोबत लिहिलेले असेल तरच अशा संग्रहाला शाश्वत म्हणावे. एरवी ते विक्रेत्यांच्या नमुन्यांनी भरलेले कपाट असते.

नमुन्यांवरून शिकण्याची रीत जुनी आहे. जॉन फोर्ब्स वॉटसन याने १८६६ मध्ये भारतीय कापडांचे ७०० नमुने १८ खंडांत लावून त्यांचे २० संच केले. त्यांतले १३ ब्रिटनसाठी आणि ७ भारतासाठी होते. भारतीय गिऱ्हाइकाला काय आवडते हे ब्रिटिश गिरण्यांना कळावे, हा त्यामागचा मुख्य हेतू. ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये एडना लॉरेन्स यांनी १९३७ मध्ये ‘नेचर लॅब’ सुरू केली. न्यूयॉर्कचे ‘मटेरियल कनेक्शन’ १९९७ चे, तर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेकिंग’ २०१३ मध्ये खुले झाले. न्यूयॉर्कच्या पार्सन्स स्कूलने २०१५ मध्ये ‘हेल्दी मटेरियल्स लॅब’ काढून आरोग्याचा प्रश्न मध्यभागी आणला.

संग्रहाचा जीव नोंदपत्रात असतो. बांबूचेच पाहा. कपाटात नुसता ‘बांबू’ लिहिलेला तुकडा काहीच सांगत नाही. सिंधुदुर्गातला माणगा जवळजवळ भरीव, बिनकाट्याचा आणि शेताच्या बांधावर वाढणारा. तो कधी तोडला, पिठूळ भुंगा लागू नये म्हणून बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवला का, हे पत्रावर हवे. शेजारी बांबूची दाबलेली फळी ठेवावी आणि तिच्यात कोणता गोंद आहे, तेही लिहावे. दोन्ही बांबूच, पण कंपोस्टच्या खड्ड्यात दोघांची गत वेगळी. मक्यापासून होणाऱ्या पीएलए प्लास्टिकचीही अशीच गल्लत होते. ते ‘कुजणारे’ म्हणून विकले जाते, पण नीट कुजायला त्याला साधारण ६० अंश सेल्सिअसची औद्योगिक कंपोस्ट व्यवस्था लागते. घरामागच्या खड्ड्यात ते तसेच पडून राहते.

थर्मोकोल, पीव्हीसीचा सनबोर्ड, एमडीएफ हे मॉडेल करण्याचे रोजचे साहित्य संग्रहातून हाकलू नये. महाराष्ट्राने २०१८ मध्ये सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी घातली. ती का घातली, हे विद्यार्थ्याला हातातल्या तुकड्यावरून समजले पाहिजे. एमडीएफ कापताना उडणारी बारीक धूळ आणि त्याच्या गोंदातून सुटणारे फॉर्मल्डिहाइड यांची नोंद ठळक अक्षरांत असावी. पॉलियुरेथेन फोमचा नवा तुकडा आणि काही वर्षांनी भुसभुशीत झालेला जुना तुकडा शेजारी ठेवले, की बोटाने दाबूनच फरक कळतो. नमुना काचेआड ठेवला तर हे शिकणे तिथेच थांबते. वाकवायला, भिजवायला, तोडायला वेगळा साठा हवा.

परिसरातल्या कारागिरांची सामग्री आणि कसब यांना संग्रहात मानाची जागा मिळायला हवी. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी विणण्याआधी ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. सावंतवाडीच्या गंजिफांच्या पानांनाही तीच खळ लागते. लोकरीचा तुकडा, चिंचोके, त्यांचे पीठ आणि शिजवलेली खळ हे सारे एका खणात ठेवावे. सोबत कारागिराचे नाव, त्याच्या परवानगीने, आणि नमुन्याची दिलेली किंमतही लिहावी. फुकट मागून आणलेल्या नमुन्यांवर उभ्या राहिलेल्या संग्रहाला शाश्वत म्हणणे मला पटत नाही.

देखभाल कष्टाची असते. लोकरीला कसर लागते, काथ्याला पावसाळ्यात बुरशी येते. शिवाय कारखानदार गोंद किंवा रंग बदलतात आणि नाव मात्र जुनेच ठेवतात. म्हणून प्रत्येक नोंदपत्रावर शेवटच्या तपासणीची तारीख घालतात. माहितीची खातरजमा होत नसेल, तर तो नमुना पुन्हा तपासून होईपर्यंत खणातून काढून ठेवावा लागतो.