जमिनीखालच्या टाक्या आणि फायर मार्शल



आपण सगळेच आठवड्यातून एकदा तरी गॅस स्टेशनवर गाडी उभी करतो. (गॅस म्हणजे आपलं पेट्रोल, हे नव्याने आलेल्यांसाठी!) हजारो गॅलन पेट्रोल तिथे आपल्या पायाखाली असतं. ते जमिनीत का पुरलं? तर आगीच्या भीतीने.

मोटारी नवीन होत्या तेव्हा अमेरिकेत पेट्रोल किराणा दुकानातसुद्धा मिळायचं, पिंपातून डब्यात ओतून. आगी लागणारच. १८९६ साली स्थापन झालेली नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन आणि गावोगावचे बंबवाले यांचं म्हणणं पडलं, टाकी जमिनीत पुरा. मातीखाली ठिणगी पोचत नाही. आगीपुरता उपाय रामबाण निघाला.

पण साधं पोलाद ओल्या मातीत गंजतं, आणि पुरलेल्या टाकीला पडलेलं भोक कोणाला दिसतं? युद्धानंतर हायवे झाले, तशा लाखो टाक्या पुरल्या गेल्या. पुढे त्या गळायला लागल्या आणि पेट्रोल विहिरींच्या पाण्यात उतरलं.

गंमत म्हणजे ही चूक निस्तरायलाही आगवालेच पुढे आले. १९८१ च्या अखेरीस सॅन होजेमध्ये फेअरचाइल्ड कंपनीच्या पुरलेल्या टाकीतून गळलेलं रसायन पिण्याच्या विहिरीत सापडलं. टाकी इंधनाची नव्हती, दुखणं मात्र तेच. सांता क्लारा काउंटीतल्या फायर चीफ मंडळींनी पुढाकार घेऊन नमुना नियमावली तयार केली. १९८३ मध्येच कॅलिफोर्नियाने राज्याचा कायदा केला. वॉशिंग्टन नेहमीप्रमाणे मागून आलं. नोव्हेंबर १९८४ मध्ये रेगन यांची सही झाली, नियम यायला १९८८ उजाडलं, आणि जुन्या टाक्यांना मुदत मिळाली २२ डिसेंबर १९९८ पर्यंत. गंज रोखा, भरताना इंधन सांडणार नाही आणि टाकी ओसंडणार नाही अशी सोय करा, नाहीतर बंद करा. खर्च न झेपलेले कितीतरी छोटे पंप तेव्हा बंद पडले.

अंमलबजावणी राज्यांकडे, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. इलिनॉयमध्ये टाकीचा परवाना आणि तपासणी स्टेट फायर मार्शलकडे, गळल्यावरची साफसफाई मात्र पर्यावरण खात्याकडे. मार्शलचा हिरवा स्टिकर नसेल तर टाकीत इंधन भरता येत नाही. लाल टॅग लागला की धंदा ठप्प.

हे सगळं लिहायचं कारण, आपल्यातले काहीजण गॅस स्टेशन विकत घ्यायच्या विचारात असतात. दुकान, जागा, गिऱ्हाईक सगळं बघतात. टाकी कोण बघतो? मालकी आली की टाकीची जबाबदारीही येते. इलिनॉयमध्ये साफसफाईसाठी राज्याचा फंड आहे, पण त्यातून पैसे मिळायला तुम्ही पात्र आहात की नाही हे मार्शलचं ऑफिसच ठरवतं. तेव्हा टाकी किती सालची, एका पदराची की दोन, पूर्वी कधी गळली होती का, जुनी टाकी बाहेर काढली की तिथेच पुरून ठेवली, याचे कागद भावाची बोलणी सुरू करायच्या आधी मागून घ्या.